मदत हवी आहे: औलूतला अंधार झेपेना
मंडळी, फिनलंडमधल्या औलूत आमचा हा दुसरा हिवाळा. डिसेंबरात साडेदहाला उजाडतं आणि दोनला सूर्य गुल, आई व्हिडिओ कॉलवर विचारते दिवेलागणीला लेकीकडून शुभंकरोती म्हणून घेतेस ना, आता दुपारच्या चहाआधीच म्हणायची का सांगा! थंडीचं काही नाही हो, थर्मल घातले की भागतं, पण अंधार डोक्यात जातो, सकाळी उठवत नाही आणि रात्री तीनला टक्क जाग. व्हिटॅमिन डी चालू आहे, इथल्या दुधातही घातलेलं असतंच. ते १०,००० लक्सचे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रखर दिवे असतात ना, सकाळी अर्धा तास ज्यांच्यासमोर बसायचं, ते कोणी वापरलेत का? खरंच फरक पडतो की पैसे पाण्यात? आणि पोरांना अंधारात बाहेर कसं काढता, आमची लेक तर कपड्यांना रिफ्लेक्टर (गाडीच्या उजेडात चमकणारे) लावतानाच भोकाड पसरते.