सवलती नव्हे, थकलेले पैसे

तिकिटातल्या सवलतींमुळे एसटी बुडाली असं काही जण म्हणतात, हे मत मला अजिबात पटत नाही. २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, हे दोन्ही निर्णय सरकारचे. त्यांची भरपाईही सरकारनेच महामंडळाला द्यायची असते. ती वेळेवर आली नाही की आधी डिझेल आणि पगार अडतात, मग सुटे भाग. आगारात गाड्या कमी पडल्या की पहिली रद्द होते ती आडवळणाच्या वाडीवर जाऊन रात्री तिथेच मुक्काम करणारी वस्तीची गाडी.

वस्तीची गाडी बंद झाली म्हणून माणसं घरी बसत नाहीत. कोंबून भरलेल्या वडापने, म्हणजे खासगी जीपगाडीने जातात, पोरं तिघं-तिघं एका दुचाकीवर बसून कॉलेज गाठतात. म्हणून एसटीचा पैसा आणि रस्त्यावरचे मृत्यू हे दोन वेगळे विषय नाहीतच.

आता मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तो टप्पा तेव्हा केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे होता, पुढचा राज्याच्या बांधकाम खात्याकडे. त्यामुळे खड्ड्याचा जाब विचारायला गेलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ याच महामार्गाचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट गेल्या. तिथला नवा पूल मात्र जून २०१७ मध्ये खुला झाला, म्हणजे दहा महिन्यांत! मनावर घेतलं तर होतं. आपल्या आमदारांना अधिवेशनाआधी दोनच प्रश्न लेखी विचारा: सवलतींची थकबाकी किती, आणि आपल्या आगाराला नव्या गाड्या कधी?