फ्लोट ट्यूबच्या फिन्सचा पट्टा टाचेवरून निसटायलाय, काय करावं?

पूर्णाकाठचा_मास्तर:
रामराम मंडळी. दोन वर्षं झाली, येलदरी धरणाच्या पाण्यावर फ्लोट ट्यूबमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या तरंगत्या बैठकीत, बसून गळ टाकतो. पाय खाली पाण्यात, त्यांत फिन्स, म्हणजे बदकाच्या पंजासारखी वल्ही. आमच्याकडचे मासेमार ट्रकच्या ट्यूबवर बसून हातानंच पाणी मारत जातात. ते मला म्हणतात, "मास्तर, पायाला बदक बांधलंय व्हय?"

फिन्स जाड वेडिंग बुटाच्या (पाण्यात चालायच्या बुटाच्या) मापाच्या अन् मी घालतो कॅनव्हासचे बूट. पट्टा शेवटच्या भोकात घेतला तरी टाचेमागं बोटभर फट राहते. ट्यूबमध्ये आपण पाठीकडं सरकतो, पाय सारखे पुढं झटकावे लागतात, अन् दर झटक्याला पट्टा खाली. मागच्या रविवारी काठाला गाळात उजवा पाय रुतला. पाय वर आला, फिन खालीच. कोपरापर्यंत हात घालून काढली. मधोमध गेली असती तर एका पायानं गोल गोल फिरत बसलो असतो.

बॅगवाल्याकडून नायलॉनची नवार शिवून घेतली. घरी घट्ट होती, पाण्यात अर्ध्या तासात ढिली.

सिंदफणा_गळ:
नायलॉन पाणी पितं अन् ताणतं, काढून टाका. पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणा. ती बहुतेक ब्यूटाइल रबराची असते, उन्हानं लवकर तडकत नाही. ऑइल-पेट्रोल लागलेला तुकडा मात्र घेऊ नका, रबर फुगून मऊ पडतं. दोन बोटं रुंद पट्टी कापा, टाचेपाशी दुपदरी ठेवा. अन् भोक कात्रीनं चीर देऊन पाडू नका. चिरेच्या टोकापासूनच रबर फाटत जातं. चांभाराच्या पंचानं गोल पाडून घ्या. माझ्या दोन पट्ट्या गेल्यावर हे कळलं.

नाथसागर_पैठण:
पट्टा नंतर, आधी पंजा बघा. बुटाचं नाक फिनच्या खोबणीत हलत असेल तर कसलाही पट्टा लावा, निसटणारच. जुन्या स्लिपरचा तुकडा तळाशी बसवा. बक्कल बाहेरच्या अंगाला घ्या. माझं आतल्या बाजूला होतं, दोन्ही फिन्स एकमेकींना घासून आपोआप उघडायचं.

सिंदफणा_गळ:
हे बरोबर. अन् घोट्याला दोरी बांधणार असाल तर वीतभरच ठेवा. लांब दोरी बुडालेल्या बाभळीत नाहीतर कुणाच्या जाळ्यात गुंतली की जिवाशी खेळ. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. लाइफ जॅकेट घालताच, असं धरतो.

पूर्णाकाठचा_मास्तर:
घालतो हो, घरच्यांनी त्याच अटीवर सोडलंय.

केलं सगळं. चांभारानं पट्टी उलटीपालटी करून विचारलं, "सर, ही बैलाची हाय का माणसाची?" भोकं पाडली, टाचेला चामड्याचा तुकडा शिवला, वर पैसे घेईना. स्लिपरचा तुकडा बसवल्यावर बूट खोबणीत गच्च बसला. अर्धा आजार तिथंच होता. काल तीन तास पाण्यात होतो, उजवी फिन तसूभर हलली नाही. एक मरळ आला अन् ट्यूबपाशी येऊन सुटला, पण ती चूक पट्ट्याची नव्हं. घोट्यामागं कातडं सोललंय, आता दोन मोजे घालणार.

डावी पट्टी मापताना बूट घालायचा राहिला, ती आता आखूड झालीय. पंक्चरवाल्याकडं परत जायलोय.