गव्हाच्या भुशापासून नॅनोसेल्युलोज: एकदा काळं पडतं, एकदा काहीच होत नाही

मालवी_भुसा (इंदूर)
सांवेरकडचा गव्हाचा भुसा आहे, त्यातून नॅनोसेल्युलोज (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) काढायचं आहे. ४ टक्के कॉस्टिक सोड्यामध्ये ८० अंशांवर २ तास, असं दोनदा. मग सोडियम क्लोराईटने ब्लीच. लगदा पांढरा निघतो, इथवर ठीक. पुढे ६४ टक्के सल्फ्युरिक, ४५ अंश, ६० मिनिटं. ६४ टक्के म्हणजे १२८ मिली ९८ टक्क्यांचं ॲसिड आणि ७२ मिली पाणी घेतलं. पहिल्यांदा २० ग्रॅम वाळलेला लगदा टाकला, तर पंधरा मिनिटांत चहाचा रंग आणि मग काळं. दुसऱ्यांदा न वाळवलेला १०० ग्रॅम टाकला (कोरडा हिशेब २० ग्रॅमच), तर तंतू जसेच्या तसे तळाशी. कृती तीच, मग असं का?

शांत_आम्ल
ताई, कृती तीच दिसते, पण दोन्ही वेळा ॲसिड वेगळं होतं. कृतीत ६४ टक्के लिहितात ते वजनाने, तुम्ही मोजलं आकारमानाने. ९८ टक्क्यांच्या ॲसिडची घनता १.८४. म्हणजे १२८ मिलीचं वजन २३५ ग्रॅमच्या वर गेलं आणि मिश्रण झालं जवळपास ७५ टक्के. त्यात सेल्युलोजचे नुसते तुकडे होत नाहीत, ते विरघळतं आणि साखर जळते. दुसऱ्या वेळी लगद्यातलं ८० ग्रॅम पाणी हिशेबात धरलंच नाही. तेच ॲसिड ६० टक्क्यांच्या खाली उतरलं, आणि ४५ अंशांवर तासाभरात तेवढ्याने भागत नाही.

२० ग्रॅम कोरड्या लगद्याला असं करा. ओला लगदा पिळून ५० ग्रॅमवर आणा, म्हणजे आत ३० ग्रॅम पाणी. त्यात १४३ मिली पाणी घालून एकजीव करा आणि भांडं बर्फात ठेवा. ढवळत ढवळत १७७ मिली ॲसिड थेंबथेंब सोडा, तापमान २५ च्या वर जाऊ देऊ नका. घाई केलीत तर थेंब पडतो तिथेच लगदा जळतो. सगळं आत गेलं की मग ४५ अंशांवर न्या, घड्याळ तिथून. ४५ मिनिटांनी रंग पाहा. फिकट पिवळसर चालतो, तपकिरीकडे झुकला की थांबवा. थांबवायचं म्हणजे साडेतीन लिटर बर्फगार पाण्यात ओतायचं.

लगदा वाळवायचाच नाही हे तुमचं दुसऱ्या वेळचं बरोबर होतं. वाळला की तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा पूर्ण फुगत नाहीत.

राखुंडा
ॲसिडच्या आधीचंही बघा. लाकडात राख १ टक्क्याच्या आत असते, गव्हाच्या भुशात सहज ५ ते ८ टक्के, आणि त्यात बरीचशी सिलिका. कॉस्टिकमध्ये ती विरघळते खरी, पण काळं पाणी तसंच ठेवून पीएच १० च्या खाली आणलात की परत तंतूंवर बसते. म्हणून गरम असतानाच गाळा, पहिली दोन धुणी गरम पाण्याची, थोडं कॉस्टिक टाकून. साधं पाणी त्यानंतर.

क्लोराईटचं ब्लीच फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात). पिवळा-हिरवा वायू दिसला तर पीएच फार खाली गेला आहे, ४.५ च्या आसपास बफर धरा.

कागदवाला_भिया
करायचं काय आहे त्याचं? कागदावर लेप द्यायचा असेल तर ॲसिडची वाट कशाला? त्यातून आखूड, ताठ काड्या मिळतात, आणि लगद्याचा अर्ध्याहून जास्त भाग सहसा ॲसिडमध्येच जातो. लांब तंतू हवे असतील तर टेम्पो (TEMPO) या उत्प्रेरकाने ऑक्सिडेशन करा. १ ग्रॅम कोरड्या लगद्याला टेम्पो ०.०१६ ग्रॅम, सोडियम ब्रोमाइड ०.१ ग्रॅम, हायपोक्लोराइट ५ मिलीमोल. पीएच १० वर अर्धा मोलर कॉस्टिकने धरून ठेवा. कॉस्टिक लागेनासं झालं की काम झालं, मग थोडं इथेनॉल. धुऊन १ टक्क्याच्या आत पातळ करा आणि मिक्सरमध्ये फिरवा.

हायपोक्लोराइट वापरायच्या आधी टायट्रेट करून त्याची खरी ताकद मोजा. आपल्याकडच्या मे महिन्यात लेबलवरची टक्केवारी खरी राहत नाही.

मालवी_भुसा
फूड पॅकेजिंगच्या फिल्ममध्ये मिसळायचं आहे, काड्याच हव्यात. एक शंका: एका जुन्या बॅचमध्ये सेंट्रिफ्यूजच्या तिसऱ्या-चौथ्या धुण्यात वरचं पाणी गढूळ येऊ लागलं. बिघडलं समजून फेकलं आणि तळचं ठेवलं.

शांत_आम्ल
अरेरे, तेच तर नॅनोसेल्युलोज! पहिल्या धुण्यांत ॲसिड खूप असल्याने कण गोळा होऊन तळाशी बसतात. ॲसिड कमी झालं की ॲसिडमुळे कणांवर बसलेल्या सल्फेटच्या ऋणभारामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि पाण्यात तरंगू लागतात. गढूळपणा दिसला की सेंट्रिफ्यूज थांबवा, वरचं-खालचं सगळं डायलिसिस ट्यूबमध्ये (कण आत ठेवून ॲसिड बाहेर जाऊ देणारी पातळ पडद्याची नळी) भरा. पीएच स्थिर होईपर्यंत पाणी बदलत राहा, पाच-सात दिवस धरा. पाणी डिस्टिल्डच, नर्मदेचं असो की बोअरचं, नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम कणांची जेली करतं. नंतर बर्फात ठेवून सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र) लावा. फिल्म गरम करून काढणार असाल तर वाळवण्याआधी पातळ कॉस्टिकने पीएच ७ करा, नाहीतर उरलेला आम्ल गट उष्णतेने फिल्म तपकिरी करतो.

तपासायला आधी एक्सआरडीकडे (क्ष-किरण तपासणी) धावू नका. बिघडलेल्या एलसीडीच्या दोन पोलरायझर फिल्म आडव्या-उभ्या धरा, मध्ये बाटली ठेवून हलकेच हलवा. रंगीत ढग सरकताना दिसले तर काड्या सुट्या झाल्या आहेत.