होमस्टेच्या मेलसाठी प्रोटॉन की टूटा? व्हीपीएन लागेल का?

तारकर्लीची मावशी:
चार खोल्यांचं होमस्टे आहे आमचं. पाहुणे आधारचे फोटो मेलवर पाठवतात, आणि चार वर्षांचे सगळे एकाच फुकटच्या खात्यात साठलेत. मे महिन्यात रात्री दोनला सूचना आली, कुणीतरी खातं उघडू बघतंय. तेव्हापासून झोप उडालीय. प्रोटॉन नाहीतर टूटा, या मेल कुलूपबंद ठेवणाऱ्या सेवांपैकी एकीकडे जावं म्हणतेय. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, हात थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामवर बसलेला, फोन अँड्रॉइड. भाचा म्हणतो, "व्हीपीएन घे, प्रश्न मिटला." मिटतो का? पावसात इथे रेंजची एकच दांडी असते, हेही धरा.

देवगडचो हापूस:
व्हीपीएन लावल्यान म्हणान मेलबॉक्साक कुलूप लागणा नाय गो मावशे. भाच्याक सांग.

रत्नागिरीकर:
हापूस बरोबर बोलतोय. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा झाकलेला बोगदा; तो फक्त वाटेवरचं झाकतो, खात्यात पडून राहिलेलं नाही. आधी पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

थंडरबर्ड सोडवत नसेल तर प्रोटॉन, पण त्याला 'ब्रिज', म्हणजे दोघांना जोडणारा त्यांचा प्रोग्राम, लागतो आणि ब्रिज पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. टूटा थंडरबर्डला जोडताच येत नाही; लिनक्सवर नि फोनवर त्यांचंच ॲप. मात्र टूटा मेलचा विषयही कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) ठेवतं, प्रोटॉनमध्ये तो एंड-टू-एंड, म्हणजे खुद्द कंपनीलाही दिसणार नाही असा, झाकला जात नाही. म्हणजे "आधार, चौघांची" असं विषयात नको. फुकटात दोघांकडेही १ जीबीच जागा.

खरी गोम वेगळीच. पाहुण्याने जीमेलवरून पाठवलं की एक प्रत त्याच्या 'पाठवलेले'मध्ये राहतेच, तुम्ही कुठेही जा. म्हणून मास्क केलेलं आधार मागवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तारकर्लीची मावशी:
मास्कचं माहीतच नव्हतं! मग व्हीपीएन नकोच?

रत्नागिरीकर:
स्टँडवरचं, हॉटेलातलं वायफाय वापरत असाल तर ठेवा. प्रोटॉनचं फुकट व्हीपीएन डेटा मोजत नाही. मुलवड ही दुसरी व्हीपीएन सेवा, महिना ५ युरो, नाव-मेल काही विचारत नाही, नुसता खाते क्रमांक. ॲपमध्ये वायरगार्ड ही जोडणीची पद्धत निवडा, रेंज गेली-आली तरी पटकन सावरतं. बँकेचं ॲप कुरकुरलं तर मुलवडमध्ये तेवढं एक बाहेर ठेवता येतं. २०२२ च्या सरकारी नियमाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी भारतातले सर्व्हर काढले. त्यामुळे सर्व्हर सिंगापूरचा दिसला तर दचकू नका.

तारकर्लीची मावशी:
टूटा घेतलं. थंडरबर्डची सवय मोडेन हळूहळू. आज दुपारभर जुने आधार पुसत बसलेय, २०२३ च्या दिवाळीपर्यंत पोचले. भाच्याला चहा नाही.