सोप्रानोनं ब्रॉडवेची जुनी गाणी रेकॉर्ड करावीत का?

मंद्रसप्तक
ऑपेरात घडलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका, ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांची, जुनी गाणी गातात तेव्हा बहुतेक वेळा आवाज जिंकतो आणि गाणं हरतं, असं माझं ठाम मत आहे. ‘वेस्ट साइड स्टोरी’ घ्या. नाटक 1957 चं. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइननं स्वतःच्या या पूर्ण रचनेचं वाद्यवृंद-संचालन पहिल्यांदा केलं ते 1984 च्या रेकॉर्डिंगसाठी. नायिका मारियासाठी निवडली ऑपेराची सोप्रानो किरी ते कानावा, नायक टोनीसाठी स्पॅनिश ऑपेरागायक होसे कारेरास. ‘आय फील प्रिटी’ ऐका. एकेक सूर लखलखीत, पण न्यूयॉर्कच्या गल्लीत प्रेमात पडून बागडणारी पोर्तो रिकन पोरगी त्यात कुठेच नाही. ऐकू येते ती मोझार्टच्या ऑपेरातली खानदानी काउंटेस. टोनी पोलिश वंशाचा अमेरिकन, आणि स्पॅनिश वळणाचे उच्चार नेमके त्याचेच! गद्य संवाद तर बर्नस्टाइनच्या मुलांनी, नीना आणि अलेक्झांडरनं, म्हटलेत. बोलणारी मारिया वेगळी, गाणारी वेगळी. आणखी काय पुरावा हवा?

तिसरी घंटा
हा दोष पात्रनिवडीचा आहे, सोप्रानोचा नाही. ‘शो बोट’ हे संगीत नाटक 1927 साली रंगमंचावर आलं तेव्हा मायक्रोफोन नव्हते. वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, तोही स्वतःच्या दमावर. त्यातली ज्युली गाणारी हेलन मॉर्गन ऑपेराची नव्हती, पण तिचा आवाज पातळ, उंच सोप्रानोच होता. वाद्यवृंद-संचालक जॉन मॅकग्लिननं 1988 मध्ये याच नाटकाचं, रॉबर्ट रसेल बेनेटचं मूळ वाद्यसंयोजन वापरून तीन सीडींचं रेकॉर्डिंग केलं. त्यात ज्युली आहे टेरेसा स्ट्राटस, मेट्रोपॉलिटन ऑपेराची सोप्रानो. तिचं ‘बिल’ हे गाणं ऐका. आवाज मिरवायचा मोह कुठेही नाही, शब्द जवळजवळ बोलल्यासारखे येतात. जुनं गाणं त्याच्या मूळ घरी परत गेल्यासारखं वाटतं मला.

खर्ज
मायक्रोफोन नव्हते म्हणून सोप्रानोच हव्या होत्या, हे पटत नाही. 1930 साली ‘गर्ल क्रेझी’ या संगीत नाटकात एथेल मर्मननं ‘आय गॉट रिदम’ गाताना एकच सूर सोळा मात्राखंड धरून ठेवला होता. तिलाही मायक्रोफोन नव्हता. छातीतून काढलेला, बोलण्याच्या पट्टीतला तो आवाज होता आणि शब्द न् शब्द कळायचा. ऑपेराच्या तालमीत वरच्या सुरांवर स्वर रुंदावतात, ‘इ’ आणि ‘ए’ एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात, व्यंजनं मऊ पडतात. ऑपेरात ते चालून जातं. ब्रॉडवेत विनोद यमकावर उभा असतो. यमक ऐकू आलं नाही तर गाण्यात उरलं काय?

अंतरा
मग डॉन अपशॉचा 1994 चा अल्बम ऐकाच. वाइल, ब्लिट्झस्टाइन, बर्नस्टाइन, सोन्डहाइम, ब्रॉडवेचे हे सगळे संगीतकार त्यात आहेत. ती ऑपेरा आणि आधुनिक संगीतातली सोप्रानो, पण माईकजवळ गाताना आवाज आवरून धरते, कंप अगदी कमी ठेवते आणि आधी वाक्य सांगते, मग सूर लावते. खर्ज, तुम्ही म्हणता ती स्वरांची अडचण खरी आहे, पण ती वरच्या पट्टीत आणि पूर्ण ताकदीनं गाताना येते. यातली बरीच गाणी मधल्या पट्टीत राहतात. गायिकेनं ताकद आवरायची की नाही, हा तिचा निर्णय असतो.

तिसरी घंटा
आणि ‘कॅरोसेल’? 2018 मध्ये ऑपेराच्या रेने फ्लेमिंगनं ब्रॉडवेवर या संगीत नाटकातली नेट्टी केली तेव्हा ऑपेरावाली इथे कशाला, असं बरेच जण म्हणाले. पण 1945 साली ही भूमिका पहिल्यांदा केली ती क्रिस्टीन जॉन्सननं, आणि तीही मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेली होती. म्हणजे नाटकाचे संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनाच तसा आवाज चालत होता.

मंद्रसप्तक
नेट्टीबद्दल वादच नाही. कोसळलेल्या मुलीला धीर देणारी ती वडीलधारी बाई आहे, तिथे भरदार आवाज हवाच. अपशॉही मान्य. माझी हरकत आहे ती पात्राचं वय, घर, बोली बाजूला सारून फक्त नावाजलेला गळा निवडण्याला. 1984 मध्ये नेमकं तेच झालं, आणि तेही खुद्द संगीतकाराच्या हातून. म्हणून ते जास्त लागतं.