‘शुक्त’ म्हणजे नेमके काय?

संस्कृतातील ‘शुक्त’ शब्दाचा अर्थ सरळ ‘शिरका’ (व्हिनेगर) असा घ्यावा, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शुक्त हे आंबवून केलेले आंबट द्रव म्हणून येते आणि तेथे शिरका हा अर्थ बराच जवळचा आहे. पण शब्दाचा मूळ आवाका त्याहून मोठा होता, असे जुन्या वापरावरून दिसते. मनुस्मृतीच्या 2 ऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला सर्व शुक्ते वर्ज्य सांगितली आहेत, तर 5 व्या अध्यायात ‘दधि भक्ष्यं च शुक्तेषु’, म्हणजे शुक्तांपैकी दही मात्र खाण्यास योग्य, अशी सवलत दिली आहे. ‘शुक्तेषु’ (शुक्तांमध्ये) ही सप्तमी विभक्ती फार महत्त्वाची आहे, कारण दही शुक्तांच्या गणतीत धरले नसते तर त्याला त्यांतून वगळण्याचे कारणच उरले नसते. दह्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, शिरक्याचा ॲसिटिक आम्लाचा. हा भेद त्या शब्दाने केलेला नाही, काळाने आंबलेले ते शुक्त एवढेच त्याला अभिप्रेत आहे.

‘शिरका’ हा फारसी ‘सिर्का’वरून आलेला शब्द मात्र एका विशिष्ट द्रवाचेच नाव आहे. त्याच शब्दाला मधाचा वाचक ‘अंगबीन’ जोडून ‘सिकंजबीन’ हे पेयाचे नाव झाले आणि हिंदीतील ‘शिकंजी’ त्यातूनच आली, जरी आज तिच्यात शिरका नसून लिंबू असते. म्हणून भाषांतर करताना वैद्यकाच्या संदर्भात ‘शिरका’ चालेल, धर्मशास्त्राच्या संदर्भात ‘आंबवलेला पदार्थ’ असेच लिहावे.