मदत हवी आहे : नेवाडाचा निकाल, कॅलिफोर्नियातली विमा कंपनी

नमस्कार मंडळी. नेवाडाच्या कोर्टाचा विमा कंपनीविरुद्धचा निकाल कॅलिफोर्नियात अमलात आणायचा आहे. हुकूम दोन आहेत: ठरावीक रक्कम द्या आणि रद्द केलेली पॉलिसी पुन्हा चालू करा.

रकमेचं सरळ आहे. ईजे-१०५ अर्ज (दुसऱ्या राज्याचा निकाल कॅलिफोर्नियाच्या कोर्टात नोंदवायचा), सोबत निकालाची प्रमाणित प्रत, मग ईजे-११० नोटीस (नोंद झाल्याची) कंपनीला समन्ससारखीच बजावायची. ती नुसती क्लेम विभागाला टपालाने धाडली, तर कंपनीला हरकत घ्यायची ३० दिवसांची मुदत सुरूच होत नाही. मग जप्तीचं रिट (वसुलीचा कोर्टाचा आदेश) कुठून मिळणार? कंपनीचं नावही निकालातलंच हवं, जाहिरातीतलं नव्हे. पॉलिसी देणारी कंपनी बहुधा वेगळीच निघते.

घोडं पेंड खातंय ते पॉलिसीपाशी. ईजे-१०५ची वाट फक्त पैशाच्या निकालांना. बाकीसाठी स्वतंत्र दावा. पण कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७१०.६० म्हणतं की याच निकालावर आधी अशी नोंद झाली असेल, तर नंतर दावा लावता येत नाही.

मग आधी रकमेची नोंद केली, तर पॉलिसीचा दावा बुडेल का? की दोन्ही भाग एकाच दाव्यात घालावेत, उशीर झाला तरी? कुणी असं प्रकरण चालवलं असेल, तर कोर्टाने काय धरलं ते कृपया सांगा.